लेक डिस्ट्रिक्टची पानगळ एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. लेक डिस्ट्रिक्टला कधी जावं? एका दिवसात होईल का? आईबाबा आलेत, त्यांना झेपेल का? इंग्लंडच्या उत्तर भागात राहत असल्यामुळे आम्ही बरीच वर्षं दर पानगळीत कम्ब्रियातल्या या तळ्यांकडे जातो. दरवेळी फोनवर जे सांगतो ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

रंग नेमके कधी दिसतात?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा सगळ्यात भरवशाचा काळ. पण सगळी झाडं एकदम रंगत नाहीत. सुरुवात डोंगरउतारावरच्या ब्रॅकनपासून होते. हे कमरेएवढं वाढणारं नेचं सप्टेंबर संपता संपता गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं होतं आणि दुरून अख्खा डोंगरच तांबूस दिसू लागतो. मग बर्च पिवळे पडतात, पाठोपाठ बीच तांब्यासारखे चमकू लागतात, ओक मागून सावकाश येतात. सगळ्यात शेवटी लार्च. सुईसारखी पानं असूनही हिवाळ्याआधी ती गाळून टाकणारं हे झाड नोव्हेंबरच्या मध्यावरही सोनेरी असतं. म्हणून "उशीर झाला, आता काही उरलं नसेल" असं म्हणून बेत रद्द करू नका, लार्चची झाडी असलेली जागा निवडा.

एका वादळी रात्रीत बीच आणि बर्च रिकामे होतात. त्यामुळे महिनाभर आधी तारीख पक्की करण्यापेक्षा दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवा आणि वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवा. ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या दिवसांत बोनेस आणि ॲम्बलसाइड या तळ्याकाठच्या गावांत गाडी लावायला जागा मिळणं कठीण असतं.

दिवस किती मोठा असतो?

लहान. हे मनाशी पक्कं धरूनच बेत आखा. २० ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य सकाळी पावणेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि १ नोव्हेंबरला सूर्यास्त दुपारी साडेचारच्या थोडा पुढे येतो. महिन्याच्या मध्यावर तर सव्वाचारलाच. शिवाय हे झाले सपाट जमिनीचे आकडे. उंच डोंगरांमधल्या अरुंद खोऱ्यात ऊन याच्या बरंच आधी जातं. बटरमिअरच्या काठावर दुपारी तीनलाच सावली पडून गारठा चढलेला आम्ही पाहिला आहे.

एका दिवसात किती तळी बघून होतील?

एक.

हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नकाशावर हा सगळा मुलूख छोटासा दिसतो. राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे २,३६२ चौरस किलोमीटर आहे आणि तळी मधल्या डोंगरांपासून चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंना पसरली आहेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ही खोरी कोरली, आणि बर्फ वितळल्यावर त्यात पाणी साठलं. आऱ्यांसारखी रचना असल्यामुळे एका तळ्यावरून शेजारच्या तळ्यावर जायचं तर खिंड ओलांडावी लागते किंवा मोठा वळसा घालावा लागतो. दहा-पंधरा मैलांना पाऊण तास सहज लागतो.

पहिल्या वर्षी आम्ही पाच तळ्यांची यादी घेऊन निघालो होतो. पाचही पाहिली, पण गाडीच्या काचेतून. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायला जागा शोधली, एकेक फोटो काढला आणि पळालो. घरी आल्यावर कोणता फोटो कुठल्या तळ्याचा हे आम्हालाच सांगता येईना. दुसऱ्या वर्षी फक्त अल्सवॉटरला गेलो. सकाळी पाणी शिशासारखं करडं होतं, अकरा वाजता काळंभोर, दुपारी ऊन पडल्यावर समोरचा अख्खा तांबडा डोंगर त्यात उलटा उतरला, आणि चार वाजता पुन्हा सगळं करडं झालं. एकाच तळ्याची ही रूपं पाहायला मिळतात ती काठावर थांबल्यामुळेच. तेव्हापासून आमचा नेम ठरलेला आहे: एक दिवस, एक खोरं.

मग कोणतं तळं निवडावं?

पहिल्यांदाच जात असाल तर आमचं मत अल्सवॉटरला. सुमारे बारा किलोमीटर लांबीचं हे तळं मध्ये दोनदा वळतं, त्यामुळे ते कुठूनच पूर्ण दिसत नाही. पुढे गेलं की नवीन काहीतरी उघडतं. इथे एकोणिसाव्या शतकापासून प्रवासी बोटी चालतात. त्यातली 'लेडी ऑफ द लेक' १८७७ साली पाण्यात उतरली आणि आजही फेऱ्या मारते. ग्लेनरिडिंगहून सकाळची बोट पकडून हाउटाउनला उतरायचं आणि तळ्याच्या काठाकाठाने चालत ग्लेनरिडिंगला परत यायचं, हा आमचा सगळ्यात आवडता दिवस. चाल सुमारे अकरा किलोमीटरची आहे, चढ-उतार आहेत, निवांत चालीने चार तास धरा. क्रम मात्र उलटा करू नका. आधी चालत जाऊन परतीला बोट धरायचं ठरवलं की शेवटची बोट चुकण्याची धास्ती दिवसभर डोक्यावर राहते. आधी बोट घेतली की मागे फक्त स्वतःचे पाय उरतात आणि घड्याळाकडे बघावं लागत नाही.

इतकं चालायचं नसेल तर त्याच तळ्यावर एअरा फोर्स हा सुमारे वीस मीटरचा धबधबा आहे. ऑक्टोबरच्या पावसानंतर तो पूर्ण भरात असतो, आणि त्याच्या घळीतली झाडी या दिवसांत फार सुंदर दिसते.

केसिकजवळचं डरवेंटवॉटर दुसऱ्या क्रमांकावर. गाव पाण्याला लागून आहे, लहान बोटी तळ्याला फेरी मारत ठिकठिकाणी थांबतात, त्यामुळे हवं तिथे उतरून थोडं चालून पुढची बोट पकडता येते. दक्षिणेला बॉरोडेलचं ओकचं जुनं रान आहे. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेची, आणि खाली पानांचा ओला थर. रंगांपेक्षा रानाचा वास आवडणाऱ्यांनी इथे जावं.

बटरमिअर लहान, एकाकी आणि देखणं आहे. सुमारे सात किलोमीटरची सपाट प्रदक्षिणा होते. विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, पोचायला सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच सगळ्यात गजबजलेलं. आगगाडीने येऊन वेळ कमीच असेल तर ते ठीक आहे.

आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवावं?

टार्न हाउज. कॉनिस्टन आणि हॉक्सहेडच्या मधोमध, डोंगरावर वसलेलं हे छोटं तळं. भोवतीची वाट तीन किलोमीटरच्या आत आहे, नीट बांधलेली आहे, बाबागाडी सहज जाते, बसायला बाकं आहेत. काठावर लार्च आणि इतर सूचिपर्णी झाडं भरपूर असल्यामुळे नोव्हेंबरातही रंग टिकून असतात. गंमत म्हणजे इतकं सहज सुंदर दिसणारं हे तळं पूर्णपणे निसर्गाचं नाही. एकोणिसाव्या शतकात छोटा बांध घालून तीन लहान तळी एक केली गेली आणि भोवती झाडं लावली गेली. पुढे लेखिका बीॲट्रिक्स पॉटर यांनी ही जमीन विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे ती सुरक्षित राहील याची व्यवस्था केली. १९४३ मध्ये त्या गेल्या तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी ट्रस्टला दिली होती. आज ही खोरी बंगल्यांनी भरलेली नाहीत त्यात त्या बाईंचा मोठा वाटा आहे.

उंचावरून दृश्य पाहायचं असेल तर केसिकजवळची लॅट्रिग ही ३६८ मीटरची टेकडी आहे. मागच्या बाजूने गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि तिथून पुढची वाट सौम्य आहे. वर पोचल्यावर डरवेंटवॉटर आणि बॉरोडेल समोर पसरलेलं दिसतं. माझ्या आईने तिथे काठी टेकवून पंधरा मिनिटं काही न बोलता पाहिलं होतं. ती सहसा इतका वेळ गप्प बसत नाही.

गाडी नाही. जमेल का?

उत्तम जमेल, आणि पार्किंगची कटकट वाचेल. लंडन-ग्लासगो मार्गावरच्या ऑक्झनहोम स्टेशनला उतरून विंडरमिअरची छोटी गाडी पकडायची, वीसेक मिनिटांत पोचते. हा फाटा १८४७ साली सुरू झाला. त्याआधी, १८४४ मध्ये कवी वर्ड्‌सवर्थ यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. गर्दीने या खोऱ्यांची शांतता मोडेल ही त्यांची भीती होती. विंडरमिअरहून ५५५ क्रमांकाची बस ॲम्बलसाइड, ग्रासमिअर करत केसिकला जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर तो प्रवास हीच अर्धी सहल आहे. अल्सवॉटरसाठी पेन्रिथ स्टेशनला उतरा, तिथून ५०८ क्रमांकाची बस पूली ब्रिज आणि ग्लेनरिडिंगला नेते.

उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, बसचंही आणि बोटींचंही, आणि बदल नेमका पानगळीच्या दिवसांत होतो. निघण्याच्या आदल्या रात्री त्या तारखेचंच वेळापत्रक उघडून बघा.

लंडनहून एका दिवसात जाऊन येता येईल?

येईल, पण जाऊ नका. लंडनच्या युस्टन स्टेशनहून ऑक्झनहोमला साधारण पावणेतीन तास लागतात. जाऊन-येऊन सहा तास प्रवासात गेले की नऊ-दहा तासांच्या उजेडातून हाती काय राहतं? एक रात्र मुक्काम करा. मँचेस्टर, लीड्स, न्यूकासल, ग्लासगो इथून मात्र एका दिवसाचा बेत निवांत होतो.

पानं रंग का बदलतात? एखाद्या वर्षी लाल जास्त, एखाद्या वर्षी नुसतं पिवळं, असं का?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि झाडाखाली उभं राहून उत्तर द्यायला मजा येते. पानात हरितद्रव्य असतं तसंच पिवळं-नारिंगी द्रव्यही असतं, फक्त हिरव्यापुढे ते दिसत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य तोडून त्यातला नायट्रोजन फांद्यांमध्ये परत ओढून घेतं. हिरवं गेलं की पिवळं उघडं पडतं. म्हणजे पिवळा रंग नव्याने येत नाही, तो उन्हाळाभर तिथेच असतो. लाल आणि जांभळट रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन हे द्रव्य झाड त्या दिवसांत नव्याने बनवतं, पानात साखर साठली असेल आणि ऊन असेल तर जास्त. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठण्याइतका नाही, असे दिवस सलग मिळाले की लाल खुलतो. ढगाळ, उबदार ऑक्टोबर गेला की पिवळ्या-तपकिरीवर समाधान मानावं लागतं.

देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान फांदीपासून सुटं होतं. त्यामुळे झाडावर जखम राहत नाही. गळलेल्या पानाच्या देठाचं टोक मुलांना हातात घेऊन बघायला सांगा, ते सफाईने मिटलेलं असतं.

तळ्यावरचं धुकं बघायला मिळेल का?

आदली रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर शक्यता चांगली. तळ्याने उन्हाळाभर उष्णता साठवलेली असते, ते हवेइतक्या लवकर थंड होत नाही. रात्री डोंगरउतारावरून गार हवा खाली उतरते आणि कोमट पाण्यावर येऊन टेकते. पाण्याची वाफ लगेच थंड होऊन तिचे बारीक थेंब बनतात आणि धुकं होतं. उजाडताना तळ्यावर वाफेचे पदर सरकताना दिसतात, आणि बहुधा दहापर्यंत ते विरतात. सूर्य पावणेआठनंतर उगवत असल्यामुळे यासाठी पहाटे तीनला उठावं लागत नाही, ही पानगळीची मोठी कृपा.

धुकं दाट असेल आणि खोऱ्यात काहीच दिसत नसेल तर निराश होऊन गाडीत बसू नका. थोडं वर चढा. कित्येकदा दोन-तीनशे मीटरवर लख्ख ऊन असतं आणि खाली ढगांचा समुद्र पसरलेला असतो.

पाऊस लागला तर सगळं वाया जाणार का?

पाऊस लागणारच असं धरून चला. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सगळ्यात पावसाळी वस्त्यांपैकी एक, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. तिथून जवळच्याच होनिस्टर खिंडीत ५ डिसेंबर २०१५ रोजी चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो ब्रिटनचा विक्रम. त्याच पुरात पूली ब्रिजचा अठराव्या शतकातला दगडी पूल वाहून गेला. आता तिथे दिसतो तो २०२० मध्ये खुला झालेला स्टेनलेस स्टीलचा पूल. हवामान खात्याचा पिवळा किंवा अंबर रंगाचा इशारा असेल त्या दिवशी घरीच राहा.

साध्या रिमझिमीत मात्र जरूर जा. ओलं ब्रॅकन कोरड्यापेक्षा गडद आणि झळाळतं दिसतं, धबधबे जागे होतात, गर्दी पांगते. आसरा हवा झाला तर ग्रासमिअरला वर्ड्‌सवर्थ यांचं डव्ह कॉटेज आहे, १७९९ ते १८०८ ते तिथे राहिले. बाहेर पडल्यावर चर्चच्या कोपऱ्यावर १८५४ पासूनचं जिंजरब्रेडचं दुकान आहे. गरम असतानाच खा.

कपडे, बूट, खाणंपिणं?

जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर पाऊस अडवणारं जॅकेट, टोपी, हातमोजे. तळव्याला खाचा असलेले बूट हवेतच. ओल्या पाटीच्या दगडावर पडलेली बीचची पानं साबणासारखी निसटतात. अनेक पबची स्वयंपाकघरं दुपारी काही तास बंद असतात, म्हणून डबा आणि गरम चहाचा थर्मास बरोबर ठेवा. विजेरी विसरू नका.

डोंगर चढावा का?

कॅटबेल्स ४५१ मीटरच आहे आणि वरून डरवेंटवॉटर अप्रतिम दिसतं. पण माथ्याजवळ हातांनी धरून चढायचा खडक आहे, आणि पावसात तो निसरडा होतो. इथल्या डोंगरांची उंची पाहून फसू नये. इंग्लंडमधलं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरच आहे, तरी तिथे दरवर्षी माणसं वाट चुकतात. निघण्याआधी लेक डिस्ट्रिक्ट वेदरलाइनवर माथ्याचा अंदाज वाचा. खालचं हवामान वर उपयोगाचं नसतं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा घ्या, खोऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसणं हे नेहमीचंच.

अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. रेंज क्षीण असेल तर ९९९ ला मेसेज पाठवता येतो, पण त्यासाठी फोनची आधी नोंदणी लागते. ती घरीच करून ठेवा. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा वाजवा. मदतीला येणारे लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून अंधारात डोंगर चढतात.

तळ्यात उतरावं का? कुत्र्याला पाण्यात सोडावं का?

सवय नसेल तर पोहू नका. थंड पाण्यात अचानक उतरलं की श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि पाणी नाकातोंडात जातं, भले तुम्ही कितीही चांगले पोहणारे असा. निळ्या-हिरव्या शैवालाचा तवंग दिसला किंवा तशी पाटी असली तर कुत्र्याला पाण्यापासून लांबच ठेवा, ते विष त्याच्या जिवावर बेतू शकतं.

हरणं दिसतील का?

दिसण्याआधी ऐकू येतील. ऑक्टोबर हा रेड डिअर या मोठ्या हरणांच्या माजाचा हंगाम. हाउटाउनच्या वरच्या मार्टिनडेल खोऱ्यात त्यांचा इंग्लंडमधला फार जुना कळप आहे, आणि नरांच्या डुरकण्या कड्यांवर आदळून खाली येतात. दुर्बीण न्या, जवळ जायचा प्रयत्न करू नका. राखाडी अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हर्डविक मेंढ्या मात्र रस्त्यातच भेटतील. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा.

सगळ्या तळ्यांच्या नावात 'लेक' का नाही?

नावात 'लेक' असलेलं मोठं तळं एकच, बॅसनथ्वेट लेक. बाकीची 'वॉटर' किंवा 'मिअर'. डोंगरावरचं छोटं तळं म्हणजे 'टार्न', ओढा म्हणजे 'बेक', धबधबा म्हणजे 'फोर्स', डोंगर म्हणजे 'फेल'. यातले बरेच शब्द हजारेक वर्षांपूर्वी इथे वसलेल्या नॉर्स लोकांचे. म्हणून "लेक विंडरमिअर" म्हटलं की स्थानिक माणूस हसतो, 'मिअर'मध्ये तळं आलंच.

फोटोंसाठी काही?

ऑक्टोबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो, म्हणून दिवसभर तिरपा, मऊ उजेड मिळतो. पाण्यातलं प्रतिबिंब हवं तर सकाळ गाठा, वारा बहुधा नंतर सुटतो. कॅमेऱ्याला चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावलात तर तो फिरवताना लक्ष द्या, नको त्या कोनात तो प्रतिबिंबच पुसून टाकतो. नॅशनल ट्रस्टच्या जागेवरून परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

गाडी घेऊन जातोय. काय लक्षात ठेवू?

एम-६ मोटरवेवरून विंडरमिअरकडे जायला ३६ क्रमांकाच्या जंक्शनला, केसिक-अल्सवॉटरकडे ४० क्रमांकाच्या जंक्शनला बाहेर पडा. साडेनऊच्या आत गाडी लावा. पार्किंगच्या ॲपला रेंज मिळेलच असं नाही, सुटी नाणी जवळ असू द्या. ४५४ मीटर उंचीची कर्कस्टोन खिंड सुंदर आहे आणि सवयीच्या चालकाला जड नाही. हार्डनॉट खिंडीत मात्र चढ तिनास एक आहे आणि रस्ता एका गाडीपुरता. ओल्या पानांच्या दिवसांत तिकडे वळू नका, नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून दाखवत असलं तरी.

परत कधी निघावं?

चालत असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी सडकेवर या. नंतर घाई नसेल तर काठावर थांबा. ऊन गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं आभाळ उजळ राहतं, डोंगर काळे होतात, आणि पाणी आभाळाहून जास्त उजेड धरून ठेवतं. बसने आला असाल तर शेवटच्या बसवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. ती चुकली तरी मागे एक असते.